हवेचं गाव

आमच्या कॉलेजच्या फाटकातून सकाळी आत येणाऱ्या प्रत्येकाला खिल्लारे मामा हवेचं गाव सांगतात. नमस्कार नाही, कसं काय नाही. तुम्ही स्कूटीवरून उतरून हेल्मेट काढेपर्यंत ते समोर येऊन उभे राहतात आणि घरी पाहुणे आल्याची वर्दी द्यावी तसं सांगतात, "मॅडम, कालची हवा समुद्राची, बरका. आफ्रिकेच्या अंगानं आली. धा दिवस झाले, जमिनीला पाय लागला न्हाई तिचा."

"बरं मामा," म्हणून मी मस्टरकडे वळते.

थंडीत वर्दी बदलते. "कालची उत्तरेची. राजस्थान, माळवा करत आली. लय भरून आलीय." भरून म्हणजे कशानं, हे विचारायची चूक नवीन माणूस एकदाच करतो. कारण मग मामा त्याला गच्चीवर नेतात आणि त्याचा पहिला तास बुडतो.

मी परभणीच्या या कॉलेजात कार्यालय अधीक्षक आहे. किल्ल्या, पंखे, बाकं, रजा, दुरुस्त्या, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. कोणती वस्तू कुठं आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे मला डोळे मिटून सांगता येतं. एका गोष्टीची यादी मात्र मला कधी करता आली नाही. ती म्हणजे खिल्लारे मामा दिवसभर नेमकं काय काय करतात.

मूळचे ते पालमचे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी रोज दहाच्या आत हजर. कारण गच्चीवरचं यंत्र. सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं ते आमच्याकडे बसवलं आणि देखभालीला स्थानिक माणूस मागितला. प्राचार्यांनी मामांचं नाव दिलं आणि अडीअडचणीला आमचे शिपाई हमीदभाई. मामा निवृत्त झाले तेव्हा संस्थेनं सांगितलं, माणूस बदलू नका. त्यामुळे सत्काराची शाल खांद्यावर घेऊन मामा त्या दिवशीही गच्चीवर आकडे उतरवायला गेले.

यंत्राचं काम मी मामांकडूनच शिकले. शिकणं टाळता आलं नाही, असं म्हणू या. जमिनीतून, मुरमातून, खडकातून रेडॉन नावाचा एक वायू सतत थोडा थोडा बाहेर पडत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. समुद्रातून तो जवळजवळ निघतच नाही. त्यामुळे जी हवा बरेच दिवस जमिनीवरून चालत येते तिच्यात रेडॉन जास्त असतो आणि समुद्रावरून आलेलीत अगदी नावाला. शिवाय हा वायू चारेक दिवसांत निम्मा होतो, पुढच्या चार दिवसांत त्याच्या निम्मा. म्हणून किती उरलाय ते मोजलं की हवेनं जमीन कधी सोडली याचा अंदाज बांधता येतो. वाऱ्याच्या नकाशांशी ताडून पाहिलं की तिचा रस्ताही कळतो.

मामांच्या भाषेत रेडॉन म्हणजे हवेची शिदोरी. "जमिनीची हवा शिदोरी बांधून येती. समुद्राची रिकाम्या हातानं. शिदोरी किती संपली ते बघायचं, मुक्काम कळतो." त्यांच्या खिशाला दोन पेनं असतात. निळं जमिनीच्या हवेला आणि हिरवं समुद्राच्या.

पुण्याच्या डॉक्टर सायली या यंत्राच्या प्रमुख. वयानं तिशीतल्या. त्यांनी मामांना एकच गोष्ट बजावून सांगितली होती. लांबच्या हवेचा तपास करायचा तर आकडा दुपारचा घ्यायचा, दोन ते पाचचा. रात्री आणि सकाळी हवा थंड होऊन खाली बसते आणि गावचाच रेडॉन गावात साचतो. उन्हं चढली की सगळं घुसळून निघतं आणि मग खरी लांबून आलेली हवा हाती लागते.

ही साधी सूचना. पण मामांनी तिचं जीवनाचं सूत्र करून टाकलं. "सकाळचं सांगू नका, दुपारचं बोला."

सकाळी कुणी कुणाची तक्रार घेऊन आलं की मामा हात वर करतात. "सकाळचं हाय हे. सकाळी ज्याच्या त्याच्या नाकात ज्याच्या त्याच्या घरची हवा. दुपारचं बोला." निकाल, पगारवाढ, निवडणूक, मॅच, कशावरही मत दुपारी दोननंतर. एकदा एका प्राध्यापकांनी सकाळी अकराला राजीनामा लिहून आणला. मामा माझ्या टेबलापाशीच उभे होते. म्हणाले, "सर, कागद ऱ्हाऊ द्या. अडीचला या, मीच टाईप करून देतो." अडीचला सर आले ते डबा खाऊन, आणि म्हणाले, "मॅडम, ते रजेच्या अर्जाचा नमुना द्या जरा."

माझ्या पुतण्याला सेलूचं एक स्थळ आलं होतं. मी सहज बोलून गेले की रविवारी सकाळच्या गाडीनं जातोय बघायला. मामा कळवळले. "मॅडम, सकाळी माणसं बघू नका हो. पोहे दिसतील नुसते." आम्ही ऐकलं नाही. सकाळी गेलो आणि खरंच नुसते पोहे दिसले. मुलगी मान खाली घालून, वडील कडक इस्त्रीत, सगळे जण शाळेच्या तपासणीला बसल्यासारखे. मात्र परतीची गाडी चार तास उशिरा होती आणि त्यांनी आम्हाला सोडलं नाही. दुपारी अडीचच्या सुमाराला वडील बनियनवर आले आणि सरकीच्या भावावर माझ्या दिराशी तावातावानं बोलू लागले. मुलीची आई मांजरावर लाटणं घेऊन धावली. मुलगी खो खो हसली आणि माझ्या पुतण्याला म्हणाली, "तुमी बी हसा की, किती धरून ठेवता!" लग्न ठरलं. मी मामांना पेढा दिला तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढं धरलं. "किती वाजता पटलं, तेवढं सांगा."

दुसरं सूत्र थोरॉनचं. रेडॉनचा हा एक भाऊबंद. तोही जमिनीतूनच निघतो, पण मिनिटाभरात निम्मा होतो. तो मोजमापात घोटाळा करतो, म्हणून नळीतून ओढलेली हवा आधी एका मोठ्या पिंपात पाचेक मिनिटं थांबवतात. तेवढ्यात थोरॉन संपतो. मग पुढं जाते ती स्वच्छ हवा.

मामांनी प्रयोगशाळेबाहेर एक बाक टाकलं आहे. भांडायला येणाऱ्या माणसाला ते तिथं बसवतात. "बसा सर, आधी थोरॉन जाऊ द्या." आणि स्वतः घड्याळाकडे बघत समोर उभे राहतात. पाच मिनिटं पूर्ण झाल्याशिवाय एक शब्द ऐकून घेत नाहीत. परीक्षेच्या ड्युट्या लावल्या की माझ्याकडे जी मंडळी येतात, त्यांना मी आता आधी त्या बाकाकडे पाठवते. निम्मी परत येत नाहीत.

मामी या सगळ्याला हसायच्या. मी एकदा हळदी-कुंकवाला गेले होते तेव्हा मला म्हणाल्या, "हवेचं गाव सांगतेत हो, पर गिरणीतनं दळण आणायला लावलं तर रस्ता चुकतेत." मामा आतून ओरडले, "सकाळी पाठवती तू!"

या मे महिन्यात मामी गेल्या. ताप काय आला, आठ दिवसांत संपलंच. मूलबाळ नव्हतं. आम्ही सगळे जाऊन बसून आलो. पंधराव्या दिवशी मामा नेहमीसारखे फाटकात उभे होते. "कालची मराठवाड्यातलीच हाय मॅडम, कुठं गेलीच न्हाई." आम्हाला हायसं वाटलं. माणूस सावरला, असं आम्ही एकमेकांना म्हणालो आणि आपापल्या कामाला लागलो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून पत्र आलं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा समुद्राचा, म्हणजे दुपारी रेडॉन अगदी कमी हवा. पण जूनपासून परभणीचे आकडे दुपारीच चढतात. तंत्रज्ञ येऊन यंत्र तपासून गेले, यंत्रात दोष नाही. म्हणजे दोष जागेत आहे. सप्टेंबरअखेर कारण सापडलं नाही तर यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात हलवावं लागेल.

मी पत्र दोनदा वाचलं. यंत्र जाणं म्हणजे कॉलेजच्या दृष्टीनं एक पाटी उतरवणं. मामांच्या दृष्टीनं मात्र कॉलेजात यायचं कारणच संपणं. रिकाम्या घरातून सकाळी निघून जायचं ते कुठं?

मामांना पत्र दाखवलं तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. मला वाटलं, म्हणतील दुपारी बोलू. पण ते लगेच बोलायला लागले, आणि थांबेचनात. "म्हंजी माझे आकडे खोटे म्हणायलेत का ते? मी हिरवं पेन उघडायचं आन् यंत्र निळं दाखवायलंय, मी काय करू? सहा वर्षांत एक दिवस खाडा न्हाई मॅडम. ही वारली त्या दिवशी बी हमीदभाईला फोन करून घेतला आकडा."

मी म्हटलं, "मामा, बाकावर बसा."

"मला कशाला बाक? मी बरोबर बोलायलोय!"

पहिल्यांदाच मी त्यांना थोरॉनसकट ऐकलं.

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. जूनपासून गच्चीवर आणि गच्चीच्या आसपास काय काय बदललं, याची यादी केली. स्वच्छतागृहाच्या बांधकामाची वाळू मागच्या भिंतीला पडली होती. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला धूर बाहेर टाकणारा नवा पंखा बसला होता. गच्चीला गळतीसाठी डांबराची ठिगळं लावली होती. बोअरची मोटार सकाळऐवजी दुपारी चालू झाली होती. आणि वीज पडू नये म्हणून नवा खांब उभा केला होता.

मामांचा पहिला संशय वाळूवर. वाळूतूनही रेडॉन निघतो म्हणे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी एका दुपारी ढीग उचलून मैदानाच्या पलीकडच्या टोकाला टाकला. मामा स्वतः घमेलं घेऊन रांगेत. दुसऱ्या दिवशी दोन वाजता आकडा पुन्हा चढला. मामा गच्चीच्या कठड्याला टेकून वाळूकडे अशा नजरेनं बघत होते, की तिची माफी मागताहेत असं वाटावं.

मग पंखा. रसायनशास्त्राच्या प्रमुखांना तीन दिवस पंखा बंद ठेवा म्हटलं तर ते भडकले, बाकावर बसले, आणि सात मिनिटांनी तयार झाले. तीन दिवस त्यांच्या प्रयोगशाळेत सगळे खोकत होते. आकडा जिथल्या तिथं. डांबर आणि खांब यांना मी यादीतून काढलं. त्या दोन्ही गोष्टी चोवीस तास तिथंच असतात, त्यांना दुपार काय आणि सकाळ काय.

मोटारीवर माझा संशय गेलाच नाही. पाण्याचा आणि हवेचा काय संबंध?

शेवटी मी मामांची वही घेतली आणि शेजारी सुट्ट्यांची यादी ठेवली. एकामागोमाग एक तारखा लावत गेले आणि हात थांबला.

"मामा, रविवारी आकडे स्वच्छ आहेत."

"हाय का?"

"सगळे रविवार. पंधरा ऑगस्टही. मोहरमही."

मामांनी चष्मा पुसला. "म्हंजी समुद्राची हवा रविवारीच यायलीय? हवेला काय सुट्टी असती का मॅडम?"

"हवेला नसते. आपल्याला असते."

मग मी दुरुस्त्यांची यादी काढली. जुलैमध्ये चार दिवस बोअरची मोटार जळाली म्हणून वाइंडिंगला गेली होती. आम्ही टँकर मागवला होता आणि तो खालच्या हौदात रिकामा केला होता. कामाचे दिवस. मुलं हजर, वाळू जागेवर, पंखा चालू. त्या चारही दिवसांचे आकडे हिरव्या पेनात होते.

मामांनी त्या चार ओळींवरून बोट फिरवलं आणि वही मिटली. ते मला जरा चमत्कारिक वाटलं. एरवी त्यांनी टेबलावर थाप मारली असती. मी तिथूनच डॉक्टर सायलींना फोन लावला.

"पाणी!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "मॅडम, बोअरचं पाणी खडकातून येतं. रेडॉन त्यात विरघळलेला असतो. पाणी उंचावरून टाकीत पडलं की तो मोकळा होऊन हवेत येतो. माझ्या लक्षात कसं आलं नाही! पण टाकी जवळ असली तरी बंद असेल ना? झाकण आहे?"

"आहे," मी म्हटलं. झाकण माझ्या यादीत होतं.

"मग एवढा आकडा यायला नको. एकदा बघाल का?"

फोन ठेवला तर मामा खोलीत नव्हते. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मोटारीची घरघर ऐकू येत होती. मी तीन मजले चढून गच्चीवर गेले.

परीक्षेच्या हॉलमधली एक जुनी लोखंडी खुर्ची टाकीजवळ होती. त्यावर मामा पाठमोरे बसले होते. टाकीचं झाकण काढून कठड्याला टेकवलेलं होतं. आत पाणी धबधब पडत होतं आणि रिकाम्या टाकीत त्याचा आवाज घुमत होता. यंत्राच्या नळीचं तोंड तिथून चार हातांवर. मामांचे डोळे मिटलेले होते. झोपले नव्हते, कारण एक हात मांडीवर सावकाश ठेका धरत होता.

"मामा."

ते दचकून उठले. "मॅडम, ते... बघायलो होतो. भरली का म्हणून."

"रोज बघता?"

"रोज."

"झाकण काढून?"

त्यांनी मान हलवली. एक बादली पालथी होती, मी तिच्यावर बसले. तेही परत बसले. पाणी पडतच होतं. ते टाकीकडेच बघत बोलले.

"आमच्या गल्लीत नळाला धा-बारा दिवसानं पाणी. कवा येईल नेम न्हाई. पर ही कधी चुकली न्हाई. नळाची शीळ वाजली की उठायचीच. टाकी, पिंप, घागरी, पातेली. सगळं भरून झालं की चहाचे कप बी भरून ठेवायची. घरभर पाण्याचा आवाज. मी वराडायचो, अगं पेपर वाचू दे की. ती म्हणायची, तुमी हवा बघा, पाणी मी बघते."

त्यांनी टाकीच्या कडेवरचे शिंतोडे तळहातानं पुसले.

"आता एकट्याला एक बादली पुरती. पिंप तसंच भरलेलं हाय, तिनं भरलेलं. नळ आला तरी सोडत न्हाई मी. कशाला सोडू? घरात आवाजच न्हाई मॅडम. कुकर न्हाई, नळ न्हाई. जूनमधी एक दिवस सकाळीच इथं वर आलो होतो, हमीदभाईनं मोटार लावली आन्..." त्यांनी टाकीकडे बोट दाखवलं. "हुबेहूब. कुणीतरी घरात पाणी भरायलंय, असं."

मग मला आठवलं. मोटार दुपारी दोनला लावावी, सकाळच्या वर्गांना तिच्या आवाजाचा त्रास होतो, असा जूनमध्ये एक अर्ज आला होता. मी तो मंजूर करून फाइलला लावला होता. खाली सही मामांची होती. आकडे घ्यायची वेळ तीच, म्हणून ते तेव्हा वर असायचेच.

मामांचंही गणित तेवढ्यात पूर्ण झालं असावं. ते हळूच म्हणाले, "म्हंजी मॅडम, आफ्रिकेची हवा मीच नासवली."

मला हसू आलं आणि आलेलं हसू तोंडात धरता आलं नाही. मामाही हसले. उठून त्यांनी झाकण उचललं आणि टाकीवर बसवलं. आवाज एकदम खोल गेला, विहिरीत गेल्यासारखा. "न्यायचं असंल तर नेऊ द्या त्यांना," ते म्हणाले. "चूक माझी हाय."

त्या दिवशी मी पुण्याला एवढंच कळवलं की झाकण उघडं राहत होतं. का, ते लिहिलं नाही. पत्रात तेवढा रकाना नव्हता.

डॉक्टर सायली पुढच्या आठवड्यात स्वतः आल्या. मामा फाटकात उभे होते, पण हवेचं गाव सांगितलं नाही. गच्चीवर गेलो तर टाकीचं झाकण तारेचे तीन वेढे देऊन बांधलेलं आणि वर दोन विटा. सायलीबाई ते बघून हसायलाच लागल्या. "मामा, रेडॉन आहे हो, वाघ नाही."

त्या दुपारी मोटार चालू असताना आणि झाकण बंद असताना आकडे घेतले. दोन वाजता, सव्वादोनला, अडीचला. मामा आमच्यापासून लांब, जिन्याच्या तोंडाशी उभे होते. आकडा वाचायला पुढं येत नव्हते. अडीचचा आकडा आल्यावर सायलीबाईंनी त्यांना हाक मारली. "मामा, कुठलं पेन?"

मामा आले, वाकले, चष्मा वर केला. खिशातून हिरवं पेन काढलं. मग एकदम कठड्यावर बसले आणि रुमालानं तोंड, मान, कान, सगळं पुसून काढलं.

"यंत्र इथंच राहणार," सायलीबाई म्हणाल्या. "रविवार आणि सुट्ट्यांचे आकडे चांगले आहेत, ते वापरू. बाकीच्या दुपारी वगळू. असं होतं मामा, आमच्याकडे याहून मोठ्या चुका झाल्यात." आणि माझ्याकडे वळून, "फक्त झाकण बंद राहायला हवं."

मामांनी जोरात मान हलवली. "बंदच. कायमचं बंद. मी इटा अजून दोन ठेवतो."

मी विचारलं, "डॉक्टर, मोटारीची वेळ बदलली तर?"

"म्हणजे?"

"पाचनंतर लावली तर."

"मग प्रश्नच नाही. संध्याकाळचे आकडे आम्ही लांबच्या हवेसाठी वापरतच नाही. तेव्हा झाकण बंद काय, उघडं काय, आम्हाला फरक नाही."

"ठीक आहे," मी म्हटलं. खाली येऊन आदेश टाईप केला: बोअरची मोटार रोज सायंकाळी साडेपाचला चालू करावी, टाकी भरल्याची खात्री गच्चीवर जाऊन करावी. एक प्रत हमीदभाईंना, एक मामांना.

मोटार, घंटा आणि कुलपं हमीदभाईंकडे. त्यांनी आदेश वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि घडी करून खिशात घातला.

मामांनी मात्र तो दोनदा वाचला. "मॅडम, मी तर पाचला घरी जातो."

"गच्चीची किल्ली तुमच्याकडेच आहे ना?"

"हाय की."

"मग खात्री कोण करणार?"

मामांनी कागदावरची वेळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग त्यांनी तो हिरव्या पेनाशेजारी खिशात ठेवला आणि म्हणाले, "कालची समुद्राची होती, बरका. सकाळी सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

या गोष्टीला आता तीन महिने झाले. यंत्र जागेवर आहे. वारा फिरलाय, मामांचं निळं पेन चालू झालंय. परवा एका बाईंनी त्यांना सकाळी बदलीबद्दल मत विचारलं आणि योग्य ते उत्तर मिळालं. साडेपाचला मोटार लागते, तारेचे वेढे कधीच निघालेत, आणि आवरून निघताना मला वर गच्चीवरून पाण्याचा आवाज येतो.

एक बदल तेवढा झालाय. टाकी पूर्वी पाऊण तासात भरायची, आता दीड तास लागतो. मागच्या आठवड्यात मी मोटारीच्या खोलीत डोकावले तर हमीदभाईंनी पाइपवरचा व्हॉल्व्ह अर्धा फिरवून ठेवला होता. मला बघून ते म्हणाले, "आहिस्ता भरने दो ना मॅडम. जल्दी किसको है?"

काल प्राचार्यांनी विचारलं, टाकी भरायला इतका वेळ का लागतो, मोटारीत काही बिघाड आहे का, दुरुस्तीच्या यादीत घ्यायची का.

मी म्हटलं, "नाही सर, मोटार चांगली आहे."